काचपट्टीवरचे रक्त आणि परगावचा माणूस

व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस निमंत्रण दिले, तेव्हा आम्ही किमान वेतनावर बोलू अशीच त्यांची समजूत असावी. गेली तीस वर्षे आम्ही दुसरे काही बोललेलो नाही. जिनांतले कामगार, बांधकामावरचे बिगारी आणि उचल घेऊन ऊसतोडीस जाणारी कोयती यांच्या सभांत आमचे आयुष्य गेले. शाळा दहावीच्या अलीकडेच सुटली. पुढचे वाचन एस्टीच्या थांब्यांवर आणि संघटनेच्या कचेरीत झाले. अशा माणसाने प्रयोगशाळेचा इतिहास सांगावा, हे काही श्रोत्यांस चमत्कारिक वाटेल. परंतु या विषयाकडे आम्हांस पुस्तकाने नेले नाही, एका तंट्याने नेले. तो तंटा शेवटी सांगू, कारण आधीचा इतिहास ठाऊक नसल्यामुळेच त्यात आमची फजिती झाली.

सोयगाव हे येणाऱ्या-जाणाऱ्यांचे गाव आहे. अजिंठ्याची लेणी आपल्याच तालुक्यातली. दूरदेशचे प्रवासी फर्दापुरास उतरतात. दुसरीकडे दसरा-दिवाळी आटोपली की तांड्यावाड्यांतून माणसे, पोरेबाळे, भांडीकुंडी ट्रकमध्ये भरून कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्यात परततात. प्रवासी म्हटले म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे पहिला येतो; दुसऱ्यास आपण प्रवासी म्हणत नाही. पण दोघांपैकी कोणाच्याही अंगात ताप भरला, तर त्याच्या बोटातला रक्ताचा थेंब एकाच जातीच्या काचपट्टीवर पडतो. या थेंबात काय आहे, हा वैद्यकाचा प्रश्न. याने हे कोठून आणले, हा गावाचा प्रश्न. पहिल्याचे उत्तर मिळाले की दुसऱ्याचेही मिळाले, असे मानण्याची खोड जगास फार जुनी आहे.

ज्यांचे वय पन्नाशीपुढे आहे त्यांस नारू आठवत असेल. पायाला फोड यायचा, तो फुटायचा, आणि पांढऱ्या दोऱ्यासारखा किडा काडीवर रोज थोडा थोडा गुंडाळून काढावा लागायचा. ओढताना तुटला तर पाय सुजून माणूस आडवा. या रोगाच्या निदानास प्रयोगशाळा लागत नसे. म्हातारीही पाय पाहून सांगे. न दिसणारी गोष्ट निराळीच होती. १८७० च्या सुमारास फेडचेन्को या रशियन संशोधकाने तुर्कस्तानात दाखवून दिले, की नारूची पिल्ले पाण्यातल्या सायक्लॉप्स नावाच्या सूक्ष्म जीवात वाढतात आणि ते पाणी प्यायल्याने माणसाच्या पोटात जातात. पाणी प्यायल्यापासून फोड यायला वर्षभर लागते. म्हणजे माणूस एका गावच्या बारवेवर पाणी प्यायचा आणि वर्षाने दुसऱ्याच गावी अंथरूण धरायचा. तेथले लोक म्हणणार, याने नारू आणला; आणि तो त्यांच्या पायऱ्यांच्या विहिरीत पाय धुवायला उतरला तर त्यांचे म्हणणे खरेही होणार. यावर लस निघाली नाही, औषधही निघाले नाही. पाणी फडक्याने गाळले, पायऱ्यांच्या विहिरी बंद केल्या, हातपंप बसवले, आणि १९९६ साली देशातला शेवटचा रोगी नोंदला गेला. फेब्रुवारी २००० मध्ये भारत नारूमुक्त झाल्याचे जाहीर झाले. एवढी मोठी गोष्ट घडली आणि आपल्याकडे कोणी पेढे वाटल्याचे आम्ही ऐकले नाही.

आता १८७७ च्या मुंबईकडे वळू. आदल्या वर्षी पाऊस गेला होता. सोलापूर, अहमदनगर, सातारा, पुणे, विजापूर या मुलखांत आणि निजामाच्या राज्यातही दुष्काळ पडला. सोयगाव तेव्हा निजामाच्याच अमलाखाली होते. सरकारने दुष्काळी कामे काढली. पण सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरीत काटछाट सुचवली आणि दिवसाला एक रतल धान्य आणि वर थोडे पैसे, असा हिशेब आला. तेवढ्यावर दिवसभर खडी फोडायची. १८७७ च्या जानेवारीत हजारो मजुरांनी ती कामे सोडली, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची कैफियत सरकारपुढे मांडली. या देशातल्या संपांचा इतिहास गिरण्यांपासून मोजणाऱ्यांनी या खडी फोडणाऱ्यांस विसरू नये, अशी आमची जाता जाता विनंती आहे.

या उपाशी माणसांपैकी पुष्कळजण मुंबईस आले, आणि शहरात ताप सुरू झाला. पाच-सात दिवस कडक ताप, मग घाम येऊन एकाएकी उतार, माणूस बरा झालासे वाटते तोच आठवड्याने पुन्हा ताप. इस्पितळात हेन्री व्हॅंडाइक कार्टर नावाचे डॉक्टर होते. ग्रे यांच्या शरीररचनेच्या जगप्रसिद्ध ग्रंथातली चित्रे यांच्याच हातची. तो ग्रंथ १८५८ साली निघाला. नाव ग्रे यांचे झाले, विक्रीतला वाटा ग्रे यांस मिळाला, आणि चित्रे काढणाऱ्यास एकरकमी मोबदला देऊन मोकळे केले. आमच्या भाषेत सांगायचे तर कार्टर उक्त्या कामावर होते. त्याच साली ते मुंबईत नोकरीस आले.

बर्लिनमध्ये ओबरमायर नावाच्या तरुण डॉक्टराने अशाच तापाच्या रोग्यांच्या रक्तात मळसूत्रासारखे नागमोडी जंतू पाहिले होते. १८७३ साली त्याने ते प्रसिद्ध केले आणि त्याच साली तो पटकीने वारला. कार्टरांनी मुंबईत १८७७ साली दुष्काळग्रस्तांच्या रक्तात तेच जंतू ओळखले. आजच्या वर्गवारीत हा जंतू हिवतापाच्या परजीवींच्या घरचा नव्हे, जिवाणूंच्या घरचा. पण त्या काळी असा भेद झालेला नव्हता आणि शोधण्याची रीत एकच होती. ताजा थेंब काचेवर घ्यायचा, वर पातळ काच ठेवायची आणि डोळा लावून बसायचे. तांबड्या पेशींमध्ये धक्के बसू लागले की जवळपास जंतू वळवळतो आहे असे समजावे. ताप असेतोवर ते दिसतात, ताप उतरला की नाहीसे होतात, उलटला की परततात. चुकीच्या दिवशी रक्त घेतले तर काच स्वच्छ. कार्टरांनी शेकडो रोग्यांची अशी नोंद ठेवली आणि १८८२ साली या तापावर ग्रंथ छापला. त्यांनी त्यास दुष्काळी ताप हेही नाव दिले आहे, आणि आमच्या मते त्या ग्रंथातला सर्वांत मोलाचा शब्द तोच होय. जंतू त्यांनी ओळखला. पण ताप कशाचा, तर दुष्काळाचा, हेही मांडून ठेवले.

शहराचा निकाल मात्र सोपा होता : देशावरच्या लोकांनी रोग आणला. ते खोटे नव्हते. पण हा रोग एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर कसा जातो, हे कळायला आणखी तीस वर्षे लागली, आणि ते नाशिकला कळले. १९०७ साली डॉ. मॅकी यांनी नाशिकच्या एका मिशनच्या वसतीतली साथ तपासली. मुलींपेक्षा मुलगे फार जास्त आजारी पडले होते, आणि मुलग्यांच्याच कपड्यांत उवा फार होत्या. मॅकींनी त्या उवांचे पोट काचपट्टीवर घेतले, तो आत तेच जंतू. अंगावरची ऊ कोठे होते? एकच कपडा अंगावर असतो, धुवायला पाणी नसते आणि थंडीत दहाजण एका गोधडीखाली निजतात तेथे. दुष्काळातून चालत आलेल्या माणसाने रोग आणला म्हणावे तर तो त्याच्या कपड्यातून आला, आणि तो एकच कपडा अंगावर राहण्यास एक रतलाची मजुरी कारण झाली. हे सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही.

काचेवरच्या निकालाचा उघड दुरुपयोग पाहायचा असेल तर थोडे दूर जावे लागेल. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत एंजल आयलंड नावाचे बेट आहे. १९१० सालापासून आशियातून बोटीने येणाऱ्यांस तेथे उतरवून ठेवीत. त्यांत चिनी, जपानी आणि हिंदी लोक असत, हिंदी म्हणजे बहुतेक पंजाबातले शेतकरी. आल्याबरोबर प्रत्येकाच्या हाती भांडे देऊन शौचाचा नमुना मागत आणि त्यात अंकुशकृमीची अंडी शोधीत. सापडली की प्रवेशास अडथळा. पुढे उपचाराची वाट निघाली, पण खर्च ज्याचा त्याने करायचा. पूर्व किनाऱ्यावर युरोपातून येणाऱ्या लाखोंस असे भांडे हाती घ्यावे लागत नव्हते.

आता अंकुशकृमी हा काही हस्तांदोलनाने लागणारा रोग नव्हे. त्याची अंडी ओलसर, उबदार मातीत पडली, त्यांतून पिल्ले निघाली आणि अनवाणी पाय तेथे पडला, तर ती कातडीतून आत शिरतात. कातडीची ही वाट लूस यांनी कैरोत १८९८ च्या सुमारास शोधली. म्हणजे रोग पसरायला संडास नसणे आणि चपला नसणे या दोन गोष्टी लागतात. त्याच वर्षांत अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत रॉकफेलर यांच्या पैशाने एक कमिशन नेमले गेले होते. त्याने तेथल्याच, पिढ्यान्‌पिढ्या तेथेच राहणाऱ्या लोकांस तपासले, तो दहांत चौघांच्या आसपास माणसांच्या पोटात अंकुशकृमी! त्यांस कोणी देशाबाहेर काढले नाही. औषध दिले आणि संडास बांधायला शिकवले. तेच योग्य होते. एकाच किड्याचे एकच अंडे, पण एका बंदरात ते गुन्ह्याचा पुरावा ठरले आणि दुसऱ्या परगण्यात दयेस पात्र झाले. युरोपात याच किड्याने १८८० साली सेंट गोथार्डच्या बोगद्यात खोदकाम करणाऱ्या इटालियन मजुरांस पांढरेफटक करून सोडले होते. पेरोन्चितो यांनी तेथे निदान केले. आत उष्मा, चिखल आणि संडासाचे नाव नाही. बोगदा पुरा झाला आणि ते मजूर खाणीखाणींतून पांगले. मग तेथे म्हणू लागले, इटालियनांनी रोग आणला.

आपल्या कोकणातली गोष्ट याच्या बरोबर उलट आहे. बिल्हार्झिया नावाचा रोग आहे. त्यात लघवीवाटे रक्त जाते. जर्मन डॉक्टर बिल्हार्झ यांनी १८५१ साली कैरोत त्याचा कृमी शोधला. या कृमीचे अंडे लघवीत उतरते. त्याच्या टोकास एक काटा असतो, आणि तो काटा पाहिला की निदान पुरे. अंडी दुपारच्या लघवीत अधिक उतरतात, म्हणून जाणता तंत्रज्ञ सकाळचा नमुना घेत नाही. अंडे पाण्यात फुटते, पिल्लू एका विशिष्ट जातीच्या गोगलगायीत शिरून वाढते आणि पुढे पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतून आत जाते.

हा रोग इजिप्तचा, आफ्रिकेचा, इराकचा. हिंदुस्थानचा नव्हे, असे पुस्तकांत ठाम लिहिलेले असे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस इजिप्त आणि मेसोपोटेमियातून आपले शिपाई परत येऊ लागले, तेव्हा ते हा रोग घेऊन येतील या भीतीने देशातल्या गोड्या पाण्यातल्या गोगलगायी तपासण्यास आरंभ झाला. मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत, जिला पुढे १९२५ साली हाफकिन यांचे नाव मिळाले, तेथे सोपारकर या आपल्याकडच्या डॉक्टरांनी गोगलगायींतून निघणारी पिल्ले पाहिली आणि गुराढोरांच्या तशाच एका कृमीचे जीवनचक्र १९२१ साली मांडले. काम उत्तम होते. पण नजर बंदरावर होती, बोटीतून कोण उतरतो याकडे.

आणि १९५२ साली गाडगीळ आणि शहा या डॉक्टरांनी प्रसिद्ध केले, की रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावी हा रोग आहे, तेथल्याच लोकांत आहे, आणि तेथल्याच पाण्यातून होतो आहे. टोकाला काटा असलेले अंडे! आफ्रिकेत ज्या गोगलगायी हा कृमी वाहतात त्या आपल्याकडे नाहीत, म्हणून रोगही मूळ धरणार नाही, असा जो तर्क होता तोही पडला. १९५५ च्या सुमारास त्यांनी फेरिसिया टेन्युइस ही जात पकडली. ती नेहमीच्या गोगलगायीसारखी वेटोळ्या शंखाची नाही. बारीक टोपी उपडी घातल्यासारखे तिचे कवच, आणि लांबी मिलिमीटरांत मोजायची. ज्याच्या डोक्यात वेटोळा शंख बसला आहे, त्याच्या डोळ्यांना ती कशी दिसावी?

गिमवीची ही हकीगत आम्ही पहिल्यांदा वाचली तेव्हा रात्री झोप आली नाही, असे म्हटले तर श्रोते हसतील. पण तसे झाले खरे. लघवीतून रक्त जाणारा एखादा कोकणी पोरगा १९५२ पूर्वी दवाखान्यात गेला असेल तर डॉक्टरने त्यास विचारले असेल, काय रे, कधी आफ्रिकेत होतास काय? नाही म्हटल्यावर ते अंडे शोधायचेही कारण उरले नाही. परगावच्या माणसास प्रयोगशाळा नको इतकी तपासते, आणि घरच्यास, तो घरचा आहे म्हणून, तपासतच नाही. नुकसान दोघांचेही होते.

हिवतापाचे बरेचसे श्रोत्यांस ठाऊक असेल, म्हणून जरुरीपुरतेच सांगतो. लाव्हराँ या फ्रेंच लष्करी डॉक्टरांनी १८८० साली अल्जीरियात एका शिपायाच्या रक्तात हिवतापाचा परजीवी पाहिला. आपल्याकडे १८८७ च्या सुमारास तो ओळखला तो पुन्हा कार्टरांनीच, मुंबईत. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेस रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात तो सापडला. हुसेन खान नावाच्या रोग्याने डासांकडून स्वतःस चावून घेतले होते, आणि त्याचा दर एका डासास एक आणा होता. राज्य तेच, ज्यात तेव्हा सोयगाव होते. रॉस यांस १९०२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या काळात राष्ट्रीय कार्यक्रमाने आशाताईंस एका रक्तनमुन्यामागे १५ रुपये असा दर धरला होता. आण्याचे रुपये झाले, दर मात्र नगावरच राहिला.

पण आम्हा कामगार माणसांस अधिक जवळचा वाटतो तो फेब्रुवारी १९०९ मधला मुंबईचा वैद्यकीय मेळावा. तेथे ख्रिस्टोफर्स आणि बेंटली या दोघांनी निबंध वाचला आणि त्यास मानवी अंग असे नाव दिले. उत्तर बंगालच्या चहामळ्यांत ते फिरले होते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की परजीवी आणि डास एवढ्याने साथ होत नाही. दुरून, ज्यांच्या अंगात या रोगाची सवय नाही अशी माणसे गोळा करून आणली, कोंदट वसाहतीत कोंबली, अर्धपोटी ठेवली, मेली-पळाली तशी पुन्हा नवी आणली, की मग ताप पेटतो. म्हणजे नवा आलेला माणूस पुष्कळदा ठिणगी नसतो, सरपण असतो. बेंटलींनी पुढे मुंबईतल्या हिवतापाची चौकशी केली आणि १९११ साली अहवाल दिला. त्यात घराघरांतल्या विहिरी आणि टाक्यांतल्या डासांवर बोट होते. विहिरी बुजवा म्हटल्यावर शहरात जो गदारोळ झाला, तो निराळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांस हिवताप होई आणि आठ लाख मरत, असा अंदाज होता. १९५३ मध्ये नियंत्रणाची आणि १९५८ मध्ये निर्मूलनाची मोहीम सुरू झाली. आरोग्य कर्मचारी पंधरवड्यास दारी येऊन ताप आला होता काय विचारी आणि बोट टोचून रक्त घेई. एकाच काचपट्टीवर दोन ठसे घेतात. एक जाड, त्यात परजीवी आहे की नाही ते लवकर कळते. दुसरा पातळ पसरलेला, त्यात तो कोणत्या जातीचा ते कळते. जसवंतसिंग आणि भट्टाचार्जी यांनी १९४४ साली काढलेला स्वस्त देशी रंग त्यावर वापरतात. १९६१ साली देशभरात जेमतेम पन्नास हजार रोगी उरले. मग ढिलाई आली, काचपट्ट्या न तपासता पडून राहू लागल्या, आणि १९७६ साली आकडा ६४ लाखांवर गेला. हल्ली पट्टीची झटपट तपासणी निघाली आहे. पाव तासात दोन रेघा दिसतात. दूरच्या तांड्यावर ती फार उपयोगी. पण परजीवी मेल्यावरही काही आठवडे ती रेघ दाखवू शकते, आणि रक्तात परजीवीची कोणती अवस्था आहे ते सांगत नाही. ही अवस्था काय प्रकरण आहे ते आता आमच्या तंट्यात येईल.

त्याआधी हत्तीरोगाची एक गंमत सांगतो. त्याच्या कृमीची पिल्ले दिवसा रक्तात सापडत नाहीत, रात्री सापडतात, म्हणून कर्मचारी रात्री दारे ठोठावतात आणि शिव्या खातात. १८८१ साली लंडनमध्ये डॉ. मॅकेंझी यांनी, हिंदुस्थानात राहून गेलेल्या एका रोग्यास दिवसा झोपवले आणि रात्री जागवले, तो ती पिल्लेही दिवसा येऊ लागली. रात्रपाळीच्या कामगाराचे रक्त मध्यरात्री घेऊन भागायचे नाही. पाळ्यांची वेळ किड्यासही कळते, मालकास काय ती कळत नाही.

असो. तंटा १९९९ सालचा. नाशिकच्या बाजूस एका मोठ्या बांधकामावर आपल्या तालुक्यातले बावीस मजूर गेले होते. चौथ्या आठवड्यात ताप सुरू झाला. आजूबाजूचे दोन गावकरी आणि चौकीदाराची बायकोही आजारी पडली. ठेकेदार म्हणाला, तुमच्या लोकांनी रोग आणला. आणि दोन आठवड्यांची मजुरी दाबून सर्वांस ट्रकमध्ये घातले. आम्ही धावलो. पत्रक छापले, की आमची माणसे धडधाकट आली होती, हा रोग येथलाच, पाणी मारण्याच्या उघड्या टाक्यांतल्या डासांचा. भाषणे केली. टाळ्या पडल्या.

तेथल्या सरकारी दवाखान्यात एक वयस्क तंत्रज्ञ होते. सारे त्यांस अण्णा म्हणत. त्यांनी आम्हांस बोलावले, नोंदवही उघडली आणि म्हणाले, "भाऊ, पत्रक वाचलं तुमचं. आता हे बघा." सूक्ष्मदर्शकात आम्ही आयुष्यात प्रथमच डोळा घातला. पहिल्याने आमच्याच पापण्यांचे केस दिसले. मग जांभळ्या रंगात केळाच्या आकाराचा, चंद्रकोरीसारखा एक डाग. "ही कोर," अण्णा म्हणाले. "जहरी हिवतापाची ही अवस्था तापाच्या पहिल्या दिवशी रक्तात येत नाही, आठ-दहा दिवसांनी येते. आणि हे रक्त घेतलंय तुमच्या टोळीच्या चौथ्या दिवशी."

ते रक्त आमच्यातल्याच एका पोराचे होते. विचारले तेव्हा कळले, की तो टोळीत येण्याआधी पूर्वेकडच्या जंगलात रस्त्याच्या कामावर दोन महिने होता. तेथेच त्यास ताप आला होता, उतरला होता, आणि रोज बुडू नये म्हणून तो कोणास बोलला नव्हता. अण्णांनी बोटांवर हिशेब घातला. पोराला चावलेल्या डासात परजीवी तयार व्हायला दहा-बारा दिवस. तो डास दुसऱ्यास चावल्यावर ताप यायला आणखी दहा-बारा दिवस. इतरांचे ताप बाविसाव्या दिवसापासून सुरू झाले होते. हिशेब पैशाला पैसा जुळत होता.

आमचे पत्रक खोटे होते. ठेकेदाराचे बोलणे निम्मे खरे होते. एकाने आणला; उरलेल्या तेरांना, दोन गावकऱ्यांना आणि चौकीदाराच्या बायकोस तो त्या टाक्यांनी दिला. चार दिवसांनी कामगार अधिकाऱ्यापुढे बैठक झाली तेव्हा आम्ही पत्रक मागे घेतो असे उभे राहून सांगितले. आमच्याच सभासदांपैकी दोघे त्यावर महिनाभर आमच्याशी बोलले नाहीत. त्यांच्या मते ते कबूल करायची काही गरज नव्हती. काचपट्टी ठेकेदाराने थोडीच पाहिली होती. पण ती अण्णांनी पाहिली होती, आणि त्यांच्या नोंदवहीवरच आम्ही टाक्यांची बाजूही मांडू शकलो. दाबलेल्या मजुरीपैकी निम्मी मिळाली.

खरी अडचण पुढेच होती. अण्णांचे म्हणणे, टोळी आल्याच्या दिवशीच सर्वांचे रक्त घ्यावे. मजुरांनी साफ नकार दिला. त्यांचे म्हणणे सरळ होते : पहिल्या दिवशी रोग सापडला तर पहिल्याच दिवशी हाकलतील, त्यापेक्षा ताप अंगावर काढलेला बरा. एंजल आयलंडचे नाव त्यांनी ऐकलेले नव्हते, पण त्या भांड्याचा अर्थ त्यांस पुरता कळत होता. आठ दिवस या बाजूकडून त्या बाजूकडे आमच्या खेपा चालल्या. शेवटी एका साध्या कागदावर तीन ओळी लिहून सह्या-अंगठे झाले : आल्या दिवशी तपासणी होईल, ज्याच्या रक्तात दोष निघेल त्यास औषध आणि तेवढ्या दिवसांची हजेरी मिळेल, कोणास परत पाठवणार नाही, आणि टाक्या आठवड्यातून एकदा कोरड्या करून घासायच्या.

पुढच्या हंगामात त्याच कामावर सदतीसजणांची टोळी गेली. संध्याकाळी मुकादमाने हजेरी घेतल्यावर अण्णा कंदिलाशेजारी पोत्यावर बसले आणि एकेकाचे बोट टोचू लागले. पहिले बोट आम्ही पुढे केले. दोघांच्या रक्तात परजीवी सापडले. त्यांनी गोळ्या घेतल्या, तीन दिवस झोपडीत पडून राहिले, हजेरीपटावर त्यांची नावे लागली, आणि चौथ्या दिवशी ते इतरांबरोबर पाट्या उचलायला गेले.